आप्पांची ८७ची आरएक्स १००: गार असताना छान पळते, तापली की बंद पडते

केळीबाग_सावदा | ३ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथले धागे दोन वर्षांपासून वाचतोय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

गाडी आमच्या आप्पांची. यामाहा आरएक्स १००, १९८७ची, तेव्हापासून घरातच. त्या वर्षी केळीला भाव बरा लागला आणि आप्पांनी ती उचलली. रावेरचा बाजार, आईचा दवाखाना, माझी शाळा, रात्री दोनला लाइट आली की बागेत मोटार चालू करायला जाणं, सगळं हिच्यावरच झालं. २००९ला आप्पांचा गुडघा गेला आणि गाडी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली ती लागलीच. मागच्या दिवाळीत मी तिच्यावरचं बारदान काढलं.

आजवर केलेलं काम असं. टाकीत तांबेरा होता, तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने दोन दिवस ठेवून काढला, मग खाण्याच्या सोड्याने धुऊन लगेच वाळवली. कार्बोरेटर खोलला तर फ्लोटच्या वाटीत मधासारखा चिकट डिंक. जेट तांब्याच्या केबलच्या एका तारेने मोकळे केले. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, बोटाएवढं लांब. ते काढल्यावर गाडी अठ्ठावीस किकला सुरू झाली. आई चुलीजवळून उठून बाहेर आली, तिला आवाज ओळखू आला.

आता दुखणं. गार असताना दोन किकला सुरू होते, स्लो छान बसतो. सावद्याहून निघालं की आठ-दहा किलोमीटर काही त्रास नाही. मग ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, तीन-चार सेकंद वरच लटकून राहते. थोड्या वेळाने पिकअप जातो, गाडी ओढत नाही आणि बंद. तेव्हा कितीही किका मारा, सुरू होत नाही. लिंबाखाली वीस मिनिटं उभी केली की पुन्हा दोन किकला सुरू.

दोन मिस्तरींना दाखवली. पहिल्याने कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) मोठा टाकला. दोन दिवस बरं वाटलं, मग जैसे थे. दुसऱ्याने किक हाताने दाबून बघितली आणि म्हणाला, बोअर गेला, पिस्टन टाकू, क्रँकही खोलून घेऊ. बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ते नळकांडं, अजून स्टँडर्ड आहे, ५० मिमीचा, एकदाही कापलेला नाही. खरंच गरज असेल तर कापीन. पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मला तो कापायचा नाही. जाणकारांनी सांगावं.

---

गिरणाथडी | ३ एप्रिल, रात्री १०:१५

भाऊ, आधी टाकीचं झाकण बघा. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते तांबेऱ्याने बुजलं की टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. फस्स आवाज आला तर तेच. माझ्या गाडीला हेच होतं, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दर वेळी अर्ध्यावर उभी राहायची.

---

जुना_पाना | ४ एप्रिल, सकाळी ६:५०

भाऊ, बोअरला हात लावू नका. चाळीस वर्षं भुसावळला पाना फिरवला आहे, त्यातली निम्मी टू-स्ट्रोकवर गेली. तापल्यावर बंद पडणारी गाडी बंद पडते त्याच क्षणी तपासावी लागते. गार झाल्यावर मिस्तरीकडे नेली की ती शहाण्यासारखी वागते, म्हणून मिस्तरी अंदाजाने सामान बदलतो.

सोबत प्लग पाना, एक जादा प्लग आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. बंद पडली की जागच्या जागी हे बघा:

आधी टाकीचं झाकण, गिरणाथडींनी सांगितलंय तसं. मग प्लग काढा. त्याचं नाक ओलं आहे का कोरडं, रंग काळा, बिस्किटी का पांढरा. तोच प्लग टोपीत घालून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी आणि टकटक आवाजाची हवी. पिवळी, बारीक, मधेच चुकणारी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल तापून दम सोडतेय. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या आणि कॉक चालू ठेवा, धार अखंड येते का बघा.

आणि मला दोन गोष्टी सांगा. ऑइल पंप (इंजिनाला टू-टी तेल आपोआप देतो तो) जोडलेला आहे का कोणी काढून टाकलाय? गिअर ऑइल कमी होतंय का?

रेस लटकते म्हणालात, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यावर नंतर बोलू. आधी तपासणी.

---

बोरीकाठ | ४ एप्रिल, सकाळी ८:०५

काका, तुम्ही लिखत राहा, आम्ही बठ्ठा वाची राह्यनूत. अमळनेरले मनाकडे बी एक आरएक्स पडेल शे.

---

केळीबाग_सावदा | ६ एप्रिल, रात्री ८:३०

काका, काल दुपारी मुद्दाम उन्हात काढली. अकराव्या किलोमीटरला बंद.

झाकण उघडलं, फस्स झालं नाही. वाटीतून धार अखंड. प्लग कोरडा, नाक पांढरं, चुन्यासारखं. ठिणगी पिवळसर आणि मधेच गायब. घरी आल्यावर, गार झाल्यावर, तोच प्लग तशाच पद्धतीने बघितला तर निळी ठिणगी.

ऑइल पंप पहिल्या मिस्तरीने काढून नळी बंद केली होती, म्हणाला पेट्रोलमध्ये टाकत जा, तेच बरं. मी लिटरला ३० मिली टाकतोय. गिअर ऑइलची पातळी आहे तेवढीच आहे.

---

जुना_पाना | ६ एप्रिल, रात्री ९:५५

म्हणजे दुखणी दोन आहेत भाऊ. दोन दुखणी एकत्र आली की माणूस फसतो. एकाचं औषध केलं, थोडा फरक पडला, की वाटतं दिशा बरोबर आहे. मग त्याच दिशेने सामान बदलत सुटतो.

पहिलं, ठिणगी. कंडेन्सर नवा टाका, पॉइंट (उघड-बंद होऊन ठिणगी पाडणारे दोन संपर्क) बारीक एमरीने साफ करा, गॅप ०.३ ते ०.४ मिमीच्या मधे ठेवा. पॉइंटची तोंडं जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर मेला हे नक्की. पॉइंटच्या फेल्टला ग्रीसचा एकच थेंब द्या, जास्त दिलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

दुसरं, प्लग पांढरा. इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. मेन जेट मोठा टाकूनही पांढरा, म्हणजे जास्तीची हवा कार्बोरेटरमधून येत नाही, दुसरीकडून शिरतेय. रेस लटकते ती याच हवेमुळे. ॲक्सिलरेटर बंद केला की कार्बोरेटरची वाट बंद होते, पण चोरवाट उघडीच असते.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबली जाते आणि मग वर जाते. म्हणून क्रँककेस हवाबंद असली पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील, म्हणजे रबरी कड्या, असतात. उजवं, क्लचकडचं सील गेलं तर ते गिअर ऑइल ओढतं, पांढरा धूर येतो, प्लग ओला होतो, गिअर ऑइल कमी होतं. तुमचं ऑइल कमी नाही. डावं, मॅग्नेटकडचं (ठिणगीची वीज करणाऱ्या चाकाकडचं) सील गेलं तर ते कोरडी हवा ओढतं. ना धूर, ना गळती, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ते कोणी बघत नाही.

आणि हे अंगावर काढू नका. जळणातूनच पिस्टनला तेल आणि थंडावा मिळतो. पातळ मिश्रणावर आपल्या एप्रिलच्या उन्हात गाडी ताणली तर पिस्टन पकडेल, म्हणजे बोअरमध्ये जाम होईल. मग मात्र बोअर खरंच जाईल.

---

लेथवाला | ७ एप्रिल, सकाळी ११:२०

जळगाव एमआयडीसीत माझं लेथचं काम आहे, महिन्याला पाच-सहा बोअर करतो. काकांच्या बोलण्याला माझा दुजोरा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार बोअरला मोजल्यावर कापायची गरज नसते. पण गिऱ्हाईक मिस्तरीच्या शब्दावर येतं आणि मी नाही म्हटलं तर दुसऱ्या लेथवर जातं.

केळीबाग, हेड आणि बोअर काढून माझ्याकडे आणा. वर, मधे, खाली, आडवं-उभं मोजून देतो, पैसे नकोत. स्टँडर्ड बोअर राहिलेली ८७ची गाडी आता फार बघायला मिळत नाही. एकदा कापलं की तो लोखंडाचा थर परत येत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. जपानी गाडीचे प्लस खाचेचे स्क्रू आपल्या बाजारातल्या साध्या प्लस स्क्रू-ड्रायव्हरने खोलू नका. ती खाच दिसायला तीच, पण आकार जपानी मानकाचा, जेआयएस. साध्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्यात पूर्ण खाली बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि खाच चाटून जाते. मॅग्नेटच्या झाकणाचे स्क्रू तुम्ही ज्या गाडीत बघाल तिथे चाटलेलेच असतात, ते याच कारणाने. जेआयएस टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो. तो येईपर्यंत इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, हातोडीचा एक ठोका आणि स्क्रू फिरतो.

---

धुळे_३५० | ७ एप्रिल, दुपारी ३:००

धागा वळवायचा नाहीये, पण माझ्याकडे राजदूत ३५० आहे, त्यातही रेस लटकते आणि डावा सिलिंडर मिसिंग करतो. दोन सिलिंडर असल्यामुळे कुठून सुरुवात करावी कळत नाही. काका, तिथेही सीलच का?

---

जुना_पाना | ७ एप्रिल, सायंकाळी ७:१०

धुळेकर, जपानच्या आरडी ३५०वरून १९८३ला आपल्याकडे आलेली ती गाडी, तिची प्रकृती वेगळी. दोन सिलिंडर, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल, दोन कार्बोरेटर. त्यामुळे तपासणी उलट सोपी, कारण बाजूलाच चांगला नमुना आहे. डाव्या-उजव्या कॉइलच्या वायरी आणि प्लग यांची अदलाबदल करा. मिसिंग उजवीकडे गेलं तर दोष विजेचा. डावीकडेच राहिलं तर त्या बाजूचे पॉइंट-कंडेन्सर, कार्बोरेटर, रीड (हवा-पेट्रोल फक्त आत सोडणारी पातळ झडप) किंवा सील. टायमिंग दोन्ही बाजूंचं स्वतंत्र लावायचं, डायल गेज प्लगच्या भोकात घालून. डोळ्याने लावू नका. बाकीचं वेगळ्या धाग्यावर लिहा, मी येतो तिकडे.

---

केळीबाग_सावदा | ११ एप्रिल, रात्री १०:०५

कंडेन्सर बदलला. जुने पॉइंट काढले तर एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा, काका म्हणाले तसंच. नवे लावले, गॅप ०.३५ ठेवला. आता तापल्यावरही ठिणगी निळी आहे. बंद पडायची ती आता अठराव्या किलोमीटरला पडते आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू होते. पण रेस लटकतेच आणि प्लग अजून पांढरा.

बोअर लेथवाल्या दादांनी मोजून दिला. २००९पर्यंत बावीस वर्षांचा वापर, सगळ्यात जास्त झीज ०.०४ मिमी. दादा म्हणाले, नवीन रिंग टाका आणि पूजा करा. दादा, तुमचे आभार इथे सगळ्यांसमोर मानतो.

आता सील खरंच गळतंय हे खोलायच्या आधी कसं कळेल? मॅग्नेट काढायला पुलर लागतो, तो मागवलाय.

---

जुना_पाना | १२ एप्रिल, सकाळी ७:००

आता मी तुम्हाला माझी पद्धत सांगतो, जी मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी मला शिकवली. त्यासाठी डॉक्टरचं बीपीचं मशीन लागतं. जुनं, हवेचा फुगा आणि काट्याचं घड्याळ असलेलं.

इंजिन हवाबंद आहे का हे बघायला साधारण ६ पीएसआय दाब पुरतो. बीपी मशीनच्या घड्याळावर ३०० म्हणजे जवळपास तेवढाच. सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर लावू नका, दाब हातातून निसटतो आणि चांगलं सीलही उलटतं.

सायलेन्सर काढा आणि त्या तोंडावर ट्यूबच्या रबराचा तुकडा ठेवून पट्टीने आवळा. कार्बोरेटर काढा, त्या जागी रबरी बूच घट्ट बसवा, बुचातून बारीक नळी न्या आणि ती बीपीच्या फुग्याला जोडा. प्लग जागेवर घट्ट. पिस्टन खाली आणा, म्हणजे वरचा आणि खालचा भाग एक होतो. मग २५०-३००पर्यंत हवा भरा आणि घड्याळाकडे बघत बसा. काटा मिनिटभरात थोडासा हलला तर चालतं. झरझर उतरला तर गळती आहे. मग साबणाचा फेस ब्रशने हेडच्या जोडाला, बोअरच्या खालच्या गास्केटला, रीडच्या जोडाला, शेवटी मॅग्नेटच्या मागे लावा. बुडबुडे येतील ती जागा.

एक लक्षात ठेवा. आतून बाहेर ढकलताना सील धरतं आणि बाहेरून आत ओढताना सोडतं असंही होतं. शंका राहिली तर रीड काढून नळीतून हवा ओढूनही बघा.

कावासाकी केबी १००वाले कोणी वाचत असतील तर त्यांना वेगळं. तिच्यात रीड नाही, फिरती चकती आहे आणि कार्बोरेटर उजव्या झाकणाआड बसतो, बूच तिथे लावावं लागतं.

---

केळीबाग_सावदा | १४ एप्रिल, रात्री ११:३०

मंडळी, सापडलं.

बीपीचं मशीन गावातल्या डॉक्टरांकडून आणलं. ते आप्पांचंच बीपी तपासतात, त्यामुळे कशासाठी हवंय हे दोनदा सांगावं लागलं. सायलेन्सरच्या तोंडाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. बुचासाठी घरात शोधाशोध केली, शेवटी ठिबकच्या सामानात हात घातला. रबराचा गोळा कापून बूच केलं, त्याला भोक पाडून ठिबकची मायक्रोट्यूब घातली, ती बीपीच्या नळीत अशी बसली की जणू तिच्यासाठीच केलेली.

फुगा दाबत ३००पर्यंत नेलं. हात सोडला. काटा वीस सेकंदांत १८०वर. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. हेडला फेस लावला, काही नाही. बोअरच्या गास्केटला नाही. रीडच्या जोडाला एक-दोन बुडबुडे, बोल्ट आवळल्यावर गेले. मग पुलरने मॅग्नेट काढलं, बेस प्लेट काढली, आणि क्रँकच्या टोकाभोवती फेस लावला. सीलच्या खालच्या बाजूने, घड्याळात सात वाजतात तिथे, बुडबुड्यांची रांग. कान जवळ नेला तर सूं असा आवाज. आप्पा खाटेवरून उठून काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "इथून दम सुटतो तिचा."

फोटो टाकलाय. आता सील कसं काढू, क्रँककेस उघडावी लागेल का?

---

जुना_पाना | १५ एप्रिल, सकाळी ६:३०

शाब्बास. हेच बघायचं होतं.

डावं सील बाहेरूनच निघतं, केस उघडायची नाही. सीलच्या पत्र्यात समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, कीस ग्रीसला चिकटतो, आत बेअरिंगमध्ये पडत नाही. ड्रिल खोल जाऊ देऊ नका, मागेच बेअरिंग आहे. भोकात छोटे स्क्रू घट्ट करा आणि पकडीने दोन्ही सारखे ओढा. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. क्रँकच्या चकचकीत भागावर एक ओरखडा पडला तर नवीन सीलही तिथूनच गळेल.

नवीन सीलच्या ओठाला आतून टू-टी ऑइल लावा. मॅग्नेटच्या चावीच्या खाचेवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, नाहीतर खाचेची धार ओठ कापते. बाहेरच्या कडेएवढ्या सॉकेटने सरळ, हळूहळू ठोका. तिरकं बसलं तर काढा आणि दुसरं आणा, तेच सरळ करू नका.

---

लेथवाला | १५ एप्रिल, सकाळी १०:४५

सील बसवायच्या आधी क्रँकचं टोक वर-खाली हलवून बघा. खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, मग नवीन सील महिनाभरही टिकणार नाही. खेळ नसेल तरच पुढे जा.

---

केळीबाग_सावदा | १८ एप्रिल, रात्री ९:१५

खेळ नव्हता. सील निघालं. हातात घेऊन बघितलं तर ओठ रबराचा राहिलाच नव्हता. नखाने दाबला तर वाकला नाही, तुकडा पडला. आतली बारीक स्प्रिंग एका जागी गंजून तुटलेली, बरोबर सात वाजायच्या जागी. चौदा-पंधरा उन्हाळे पत्र्याखाली काढलेत तिने, आत तेलाचा थेंब फिरला नाही.

नवीन बसवलं. पुन्हा बीपी मशीन. ३००वर नेलं आणि मोबाईलमध्ये पाच मिनिटं लावली. काटा २९०.

काकांनी फोनवर सांगितलं की उजवं सीलही त्याच वयाचं आहे, ते धरून आहे म्हणून सोडू नका. पुढच्या रविवारी क्लचचं झाकण उघडून तेही करतो.

---

पुण्यातला_खान्देशी | १९ एप्रिल, दुपारी १२:३०

धागा सुरुवातीपासून वाचला. आमच्या घरीही होती, फैजपूरला, माझ्या काकांनी विकली. केळीबाग, कागदांचं बघितलं का? पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, फॉर्म २५, आणि गाडी आरटीओत दाखवावी लागते. पर्यावरण कर वेगळा. माझ्या ओळखीतल्या एकाने ८७ची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल असं समजून वर्ष घालवलं. व्हिंटेजचा नियम ५० वर्षांच्या पुढच्या गाड्यांना आहे. आणि चॅसी नंबरवर रंग चढवताना जपा. पॉलिशवाल्याने घासून काढला तर पुढे फार त्रास होतो.

---

केळीबाग_सावदा | १९ एप्रिल, रात्री ८:००

नूतनीकरण राहिलंय, दादा. नंबर प्लेटवर अजून जुनी मालिका आहे, एमएच-१९ यायच्या आधीची. आप्पा म्हणाले तो नंबर बदलायचा नाही, म्हणून मी आधी गाडी नीट करून मगच जळगावला नेणार आहे. चॅसी नंबरवर ग्रीस लावून ठेवलंय.

---

जुना_पाना | २० एप्रिल, सकाळी ७:२०

आता शेवटचं काम, आणि ते विसरू नका. त्या मिस्तरीने मोठा मेन जेट टाकला होता तो चोरवाटेच्या हवेची भरपाई म्हणून. चोरवाट बंद झाली, आता तोच जेट जास्त पेट्रोल देईल. मूळ जेट परत टाका. एअर स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा मोकळा करा आणि तिथून स्लो ऐकत पाव-पाव फेऱ्याने लावा.

आणि ऑइल पंप परत जोडा. माझं यावर ठाम मत आहे. यामाहाने ऑटोल्यूब, म्हणजे हीच पंपाची पद्धत, १९६४ला आणलं ते नुसत्या सोयीसाठी नाही. इंजिनाचा वेग आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही बघून पंप तेल कमी-जास्त करतो. उतारावर ॲक्सिलरेटर बंद आणि चाकं इंजिन फिरवताहेत, अशा वेळी पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल जवळपास येतच नाही. आपल्याकडे पंप काढतात कारण एकदा तेलाची टाकी रिकामी होऊन पिस्टन पकडला की दोष पंपावर जातो. पंपाच्या नळीतली हवा काढा, केबलची खूण जुळवा. पंप तेल ढकलतोय याची खात्री होईपर्यंत पहिली टाकी पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टाका. तेवढ्या दिवसांचा धूर सहन करा.

पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते हवेतलं पाणी धरतं आणि जुनं रबर फुगवतं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. पेट्रोलची नळी नवीन टाकाच.

---

गिरणाथडी | २० एप्रिल, रात्री १०:००

पंपाबद्दल काकांशी मी पूर्ण सहमत नाही. माझा पंप दोनदा अडकला, आता लिटरला २५ मिली मिसळतो, सहा वर्षं झाली. पण माझी गाडी रोज चालते आणि घाट सोडला तर उतार नाही. ज्याला पंप जोडून त्यावर लक्ष ठेवायला जमतं त्याने जोडावा.

---

केळीबाग_सावदा | २८ एप्रिल, रात्री ९:५०

उजवं सील झालं. ते अजून मऊ होतं, पण काढताना काठावर चीर दिसली, बरं झालं केलं ते. मूळ जेट टाकला, पंप जोडला, पहिली टाकी दोन्ही तेलांवर.

आज सकाळी साडेपाचला निघालो. रावेर, तिथून पालचा रस्ता धरला, सातपुड्याच्या पायथ्याशी चढ लागला तरी दुसऱ्या गिअरला ओढते. वर जाऊन मुद्दाम बंद केली, चहा घेतला, तापलेली असतानाच किक मारली. पहिल्या किकला. येताना ऊन चढलं होतं, रावेरच्या अलीकडे पारा ४३ दाखवत होता, पण गाडीने कुठे कुरकुर केली नाही. घरी येऊन प्लग काढला, नाक बिस्किटी.

आप्पा ओट्यावर बसले होते. मी दारात गाडी आणून ॲक्सिलरेटर सोडला आणि रेस लगेच खाली बसली, टप-टप-टप. ते म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा वर नेऊन सोडली. त्यांनी तीनदा करायला लावलं. मग मला उतरवून, काठी भिंतीला टेकवून, हँडल स्वतःच्या हातात घेतलं आणि चौथ्यांदा त्यांनी केलं.

बीपी मशीन डॉक्टरांना परत दिलं, फुग्यावरचं ग्रीस पुसून.

---

बोरीकाठ | २९ एप्रिल, सकाळी ७:४५

भाऊ, वाचीसन डोयाले पानी उनं. मनी गाडी येत्या रविवारी बारदानखालून काढस. बीपीनं मशीन मना मेहुणाकडे शे, मॅग्नेटना पुलर मात्र नही.

---

केळीबाग_सावदा | २९ एप्रिल, सकाळी ८:१०

पुलर माझा घ्या. शनिवारी केळीच्या कामाने जळगावला येतोय, लेथवाल्या दादांकडे ठेवतो. सोबत मायक्रोट्यूबचा तुकडा आणि कापलेलं बूचही देतो, मापाचंच आहे.